अळंबीची ओळख मुळापासून

विषारी अळंबी ओळखण्याची सगळ्यांना लागू पडेल अशी एकही खूण नाही. वाक्य साधं आहे, पण पचायला जड जातं, कारण खुणांची यादी घरोघर तयार असते. शिजवताना चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसणाची पाकळी काळवंडली तर विषारी, रंग भडक असला तर विषारी. किड्यांनी किंवा गोगलगायींनी कुरतडलेली असली तर मात्र खुशाल खावी. यातली एकही खूण कसाला उतरत नाही. जगभर अळंबीमुळे होणाऱ्या बहुतेक मृत्यूंना अमाटॉक्सिन नावाची विषद्रव्यं कारणीभूत असतात आणि चांदीवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. ती ज्या अमानिटा वंशात सापडतात, त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध ‘डेथ कॅप’ फिकट हिरवट-पिवळी असते आणि तिची एक सख्खी बहीण तर पांढरीशुभ्र. गोगलगायी या अळंब्या खातात आणि जिवंत राहतात. उकळून, तळून किंवा वाळवून हे विष जात नाही. चवीनेही ते कळत नाही, उलट जेवण रुचकर झालं होतं असं रुग्णांनीच सांगितल्याच्या नोंदी आहेत. खुणा फसतात याचं कारण असं की विषारी अळंब्यांचं वेगळं असं कुळ निसर्गात नाहीच. वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळी विषं आहेत. एक यकृत जाळतं, दुसरं नुसतं पोट ढवळतं, तिसरं मज्जासंस्थेवर चालून जातं. रासायनिकदृष्ट्या त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मग त्या सगळ्यांना पकडणारी एक चाचणी असेल तरी कशी? मासळीच्या बाबतीत कोकणातला माणूस असली चाचणी मागत नाही. तो सुरमई सुरमई म्हणून ओळखतो आणि विषारी केंड केंड म्हणून टाकून देतो. अळंबीलाही हाच न्याय लावावा लागतो.

तेव्हा समोरची अळंबी नेमकी कोणत्या जातीची आहे आणि ती कशातून उगवली, हे ठाऊक असणं एवढाच मार्ग उरतो. रत्नागिरी जिल्ह्यात खाण्याजोगी अळंबी दोन वाटांनी घरात येते. एक वाट सड्यावरच्या, बागेच्या कडेच्या किंवा देवराईतल्या वारुळापासूनची आणि दुसरी पडवीत टांगलेल्या पेंढ्याच्या पिशवीची. पहिली वाट जुनी, धोक्याची आणि चवीची. दुसरी नवी, सुरक्षित आणि मिळमिळीत, अशी वाटणी सहसा केली जाते. ही वाटणी मला मान्य नाही. दोन्ही वाटांची सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे आणि ती म्हणजे उगमाची खात्री. रानातून आणणाऱ्याला ती जमिनीखाली शोधावी लागते, पिशवीत वाढवणाऱ्याला बियाण्यात.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मनापासून खाल्ली गेलेली अळंबी मुख्यतः टर्मिटोमायसिस या वंशातली. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये या वंशाला हे नाव दिलं. विदर्भातल्या सात्या आणि गोव्यातली रोयणीवरची (वारुळावरची) अळमी याच गोतावळ्यातली. या बुरशीची शेती वाळवी करते, आणि ती सुमारे तीन कोटी वर्षांपासून करत आली आहे. पालापाचोळा आणि लाकूड खाऊन वाळवी आपल्या विष्ठेचे जाळीदार पोळ्यासारखे गड्डे वारुळात रचते. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातला न पचणारा भाग मऊ करते आणि वाळवी तो पुन्हा खाते. पाऊस मुरून जमीन भिजली की या गड्ड्यातून एक लांब मूळ वर सरकतं आणि जमीन फोडून छत्री उघडतं. हे मूळ वारुळातल्या गड्ड्याला जोडलेलं असल्यामुळे अळंबी दरवर्षी जवळपास त्याच जागी येते. कुटुंबाकुटुंबांत या जागा वारशासारख्या जपल्या जातात त्या म्हणूनच. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि नेमकी त्याच सुमारास ही अळंबी येते. खोबऱ्याच्या वाटणातलं तिचं सुकं मटणाच्या पंगतीला बसावं यात नवल नाही. कित्येक घरांत ती सामिष मानून श्रावणात वर्ज्यही करतात.

ओळखीचा सर्वांत भक्कम पुरावा जमिनीखालचं हे मूळच देतं. टर्मिटोमायसिसच्या टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. वाळवीच्या घट्ट मातीतून वर येताना जमीन भेदायला तो उपयोगी पडतो. टोपीखालच्या पापुद्र्या कोवळेपणी पांढऱ्या आणि पुढे गुलाबीसर होतात. देठ भरीव आणि तंतुमय असतो आणि खाली मुळासारखा निमुळता होत मातीत खोल जातो. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या अळंबीशी. पहिल्या पावसानंतर ती गवतात आणि अंगणात गोलाकार उगवते. मोठी, पांढरी, टोपीवर तपकिरी खवले असलेली ही छत्री दिसायला खाण्याजोगी वाटते. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तिच्या पापुद्र्या वयाबरोबर हिरवट होतात, देठाभोवती सरकणारं कडं असतं आणि बुंधा गोलसर असतो, पण खाली लांब मूळ नसतं. अमानिटाचा बुंधा मातीत एका पिशवीसारख्या आवरणात बसलेला असतो. अळंबी वरच्या वर चाकूने कापली तर ही पिशवी जमिनीतच राहते आणि ओळखण्याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावाही तिथेच राहतो. दुसरा पुरावा बीजाणूंचा. टोपी पापुद्र्या खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालून रात्रभर सोडायची. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसतो. क्लोरोफायलमचा ठसा हिरवा, अमानिटाचा पांढरा, टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर. पण ठसा गुलाबी आला म्हणजे काम झालं असंही नाही. एन्टोलोमा नावाच्या वंशाचा ठसाही गुलाबी असतो आणि त्यात विषारी जाती आहेत. मूळ, टोक, पापुद्र्या, ठसा आणि जागा हे पाचही पुरावे एकमेकांशी जुळले तरच ओळख पटली म्हणावं. चार जुळले आणि पाचवा नाही, अशा वेळी ती अळंबी टाकून द्यायची. यात घासाघीस नको.

इथे एक पेच आहे. ओळखीसाठी मूळ उकरावं लागतं आणि उकरल्याने गड्डा दुखावतो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पिकावर घाला येतो. मार्ग असा की एका जागी आलेल्या थव्यातली एकच अळंबी भोवतालची माती सैल करून खालपर्यंत तपासावी आणि बाकीच्या जमिनीलगत कापाव्यात. कापताना प्रत्येक टोपी उलटी करून पापुद्र्या पाहाव्यात. बारीक बारीक, शेकड्यांनी एकदम पसरणारी टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही जात मात्र या नियमात बसत नाही. वाळवी गड्ड्याचे तुकडे बाहेर आणून पसरते, त्यावर ती येते, त्यामुळे तिला लांब मूळ नसतं. म्हणजे मुळाची कसोटीही सरसकट नाही. या बारीक अळंबीच्या वाटेला ती आयुष्यभर पाहिलेल्या माणसाखेरीज कोणी जाऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्या आज्या-पणज्यांनी असले ठसे कधी घेतले नाहीत आणि त्यांना काही झालं नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. आजीला अळंब्या कळत होत्या असं म्हणण्यापेक्षा तिला तिच्या गावातल्या, तिच्या ठाऊक वारुळावरच्या दोन-तीन जाती कळत होत्या असं म्हणणं बरोबर ठरेल. बाकी सगळ्यांना तिने कुत्र्याच्या छत्र्या म्हणून एका झटक्यात बाद केलेलं होतं. ज्ञान अरुंद होतं, म्हणूनच ते अचूक होतं. ते गाव सोडून हललं की दगा देतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात 2012 चं नवं वर्ष उजाडता उजाडता डेथ कॅप खाऊन दोन चिनी माणसं दगावली. पूर्व आशियात आवडीने खाल्ली जाणारी भाताच्या पेंढ्यावरची अळंबी कोवळी असताना डेथ कॅपच्या कोवळ्या रूपाशी इतकी मिळतीजुळती दिसते की तिकडून आलेल्या लोकांची अशी चूक वारंवार होते. ऑस्ट्रेलियात डेथ कॅप मूळची नव्हे. ती युरोपातून आणलेल्या ओकच्या मुळांबरोबर आली. परदेशच कशाला, आसामात एप्रिल 2022 मध्ये रानअळंबी खाऊन 13 जणांचा जीव गेला. रानभाजी तिथे परकी नाही.

रत्नागिरीतलं रानही आता आजीच्या वेळचं राहिलेलं नाही. सामाजिक वनीकरणातून आकेशिया आला, किनाऱ्याला सुरू आला. निलगिरी आणि आकेशियासारख्या परदेशी झाडांच्या मुळांवर जगणाऱ्या बुरशी झाडांबरोबर येतात. त्यातली स्क्लेरोडर्मा ही गोल, भुईफोडासारखी दिसणारी बुरशी पोट बिघडवते. बंगल्यापुढच्या आणलेल्या हिरवळीवर आणि बाहेरून आलेल्या मातीच्या कुंड्यांमध्ये काय उगवेल याचा जुन्या ज्ञानाशी काडीचा संबंध नाही. पावसात मुंबईहून गावी येणाऱ्या पिढीला जागांची ओझरती आठवण असते, पण खुणांची नसते. ओळख अर्धीमुर्धी आणि आत्मविश्वास पुरा, ही जोडी सर्वांत वाईट.

मोबाईलवरच्या ॲपने ही उणीव भरून निघेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2023 मध्ये अळंबी ओळखणारी तीन ॲप तपासली. त्यातल्या सर्वांत चांगल्या ॲपची उत्तरंही निम्म्याच्या आसपासच बरोबर निघाली. फोटोत टोपी दिसते, मातीतली पिशवी दिसत नाही, ठसा दिसत नाही. नाव शोधायला सुरुवात म्हणून ॲप ठीक आहे. ताटात काय वाढायचं ते त्याने ठरवू नये.

चूक झालीच तर घड्याळाकडे पाहावं, कारण निदानाचा मोठा भाग त्यावर असतो. खाल्ल्यापासून दोन-तीन तासांत सुरू झालेल्या उलट्या बहुधा पोटापुरत्या असतात. सहा तास उलटून, कधी बारा-चोवीस तासांनी त्रास सुरू झाला तर अमाटॉक्सिनची शंका घ्यावी. एकाच भाजीत दोन प्रकार मिसळलेले असू शकतात, म्हणून लवकर सुरू झालेला त्रासही हलका मानू नये. अमाटॉक्सिनच्या बाधेत दुसऱ्या दिवशी उलट्या थांबतात आणि माणसाला बरं वाटतं. याच काळात यकृत आतून मरत असतं. घरगुती उतारे करत हा दिवस घालवणं जीवघेणं ठरतं, विशेषतः यकृतरोपणाची सोय ज्या जिल्ह्यापासून मुंबई-पुण्याइतकी दूर आहे तिथे. उरलेली अळंबी, न शिजवलेली असेल तर उत्तम, कागदात गुंडाळून रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावी. प्लॅस्टिकमध्ये ती कुजते.

आता दुसरी वाट. घरी अळंबी वाढवायची म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हॉटेलातली पांढरी बटण अळंबी येते. रत्नागिरीत तिचा नाद सोडावा. तिला फळायला 14 ते 18 अंश तापमान लागतं, म्हणजे वर्षभर वातानुकूलित खोली आणि तसं वीजबिल. पेंढ्यावर वाढणारी धिंगरी अळंबी मात्र जणू कोकणासाठीच आहे. 20 ते 30 अंश तापमान आणि 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता, हे तिचं मागणं पावसाळ्यातला रत्नागिरीचा किनारा फुकटात पुरवतो. जांभ्याच्या भिंतींची, थंड आणि ओलसर मागची पडवी तिला मानवते. हिवाळ्यात हवा कोरडी होते तेव्हा दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारलं की भागतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती रुसते. त्या दिवसांत 30 ते 35 अंशांना फळणारी दुधी अळंबी घेता येते. तिची मूळ नोंद पश्चिम बंगालमधली, 1974 ची, आणि व्यापारी लागवडीला तमिळनाडूत बळ मिळालं.

कृती अवघड नाही, पण शिस्त मागते. भाताचा पेंढा चालू वर्षाचा, पिवळाधमक आणि कोरडा हवा. उडवीच्या बुडाचा, पाऊस लागलेला नको. त्याचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून ते रात्रभर भिजवावेत आणि मग साधारण 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवावेत. न्हाणीघरातल्या हंड्यात हे सहज जमतं. शेतकी पुस्तकांत फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिमच्या द्रावणात पेंढा भिजवण्याची पद्धतही असते. घरच्या खाण्यासाठी ती वापरण्याचं काही कारण मला दिसत नाही. पेंढा इतका निथळावा की मुठीत दाबल्यावर ओल लागेल पण थेंब पडणार नाही. पॉलिथिनच्या पिशवीत पेंढ्याचा थर आणि त्यावर गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, असे थर भरत जावं. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास बियाणं पुरतं. तोंड बांधून भोकं पाडलेली पिशवी अंधाऱ्या खोलीत ठेवली की पंधरा-वीस दिवसांत पेंढा पांढऱ्या तंतूंनी बांधला जातो. मग पिशवी कापून गठ्ठा उजेडात, वारा खेळेल अशा जागी टांगायचा. चार-पाच दिवसांत पहिली फुटवण दिसते आणि पुढे दोन-तीन तोडे मिळतात. कोरड्या पेंढ्याच्या एका किलोमागे अर्धा ते एक किलो ताजी अळंबी, असा हिशेब धरायला हरकत नाही. देठ लांबुळके आणि टोप्या चिमुकल्या येऊ लागल्या तर हवा कोंडली आहे असं समजावं.

पिशवीतली म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मात्र नाही. पेंढ्यात आधीपासून असलेले बीजाणू पूर्ण मेले नाहीत तर धिंगरीच्या आधी बारीक देठाच्या, राखाडी, दोन दिवसांत शाई होऊन गळणाऱ्या छत्र्या उगवतात. पहिल्यांदाच लागवड करणारा त्यांनाच पीक समजतो. हिरवी बुरशी धरली तर ती पिशवी घरापासून दूर नेऊन पुरावी. धिंगरी कशी दिसते, पंख्यासारखी, देठ बाजूला, पापुद्र्या देठावर उतरलेल्या, हे आधी नीट पाहून ठेवलेलं हवं आणि तशी नसलेली प्रत्येक गोष्ट उपटून टाकायला हवी. रानातला धडा इथे जसाच्या तसा लागू होतो. त्याहून कमी बोलला जाणारा धोका बीजाणूंचा आहे. पूर्ण पिकलेली धिंगरी पांढऱ्या धुळीसारखे असंख्य बीजाणू सोडते आणि ते रोज श्वासात गेले की काहींना खोकला, ताप आणि फुप्फुसाची ॲलर्जी होते. म्हणून पिशव्या झोपायच्या खोलीत कधीच टांगू नयेत. तोडा कडा वर वळण्यापूर्वी करावा आणि पिशव्या जास्त असतील तर तोंडाला कापड बांधावं.

धिंगरीच्या प्रचारात एक अतिशयोक्ती हमखास असते. मटणाइतकी प्रथिनं, असं सांगितलं जातं. वाळवलेल्या अळंबीच्या वजनाशी तुलना केली तर आकडा मोठा येतो, पण ताज्या अळंबीत नव्वद टक्के पाणी असतं आणि शंभर ग्रॅममागे प्रथिनं साधारण तीन ग्रॅम. वाटीभर डाळ तिच्या पुढे आहे. धिंगरी खावी ती चवीसाठी. बियाणं विकून माल परत घेण्याची तोंडी हमी देणाऱ्यांनाही याच नजरेने पाहावं: ताजा माल दोन-चार दिवसांत उतरतो, तेव्हा तो कोण, कोणत्या दराने, कुठे उचलणार हे लेखी नसेल तर पिशव्या घरच्या जेवणापुरत्याच लावाव्यात.

धिंगरीला रानाची चव नाही, हा खवय्यांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर नाही. टर्मिटोमायसिसची बुरशी प्रयोगशाळेत वाढते, पण वाळवीच्या संगतीशिवाय तिला भरवशाने फळं येत नाहीत, त्यामुळे तिची व्यापारी शेती कुठेही उभी राहिलेली नाही. म्हणजे लागवड वाढली की रानावरचा ताण आपोआप कमी होईल, ही आशा भाबडी आहे. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गालगत पानांत बांधलेल्या अळंबीला जो दर येतो तो धिंगरीला येत नाही आणि दर चढला की न उमललेल्या कळ्याही उपटल्या जातात. गोव्यात नंदकुमार कामत यांच्यासारखे बुरशीतज्ज्ञ या उपशाविरुद्ध दीर्घकाळ लिहीत आले आहेत. पुरवठा टिकवायचा असेल तर वारूळ टिकवावं लागेल. आंब्याच्या कलमाला वाळवी लागेल या भीतीने बांधावरचं प्रत्येक वारूळ कीटकनाशकाने भरलं की अळंबीही संपते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात वारूळ सातेरी देवी म्हणून पुजलं जातं आणि नागपंचमीला जमीन खणत नाहीत. या श्रद्धांमागचा हेतू काहीही असो, पावसाच्या ऐन दिवसांत वारुळाला हात न लावण्याची सवय त्यांनी लावली, हा फायदा थोडा नव्हे.

मग तोडणीवर सरळ बंदीच का नको, असं कोणी विचारेल. अभयारण्याच्या हद्दीत ती कायद्याने आहेच. पण गावच्या रानात बंदी आणली तर ज्यांना अळंबी कळते त्यांचीच वाट बंद होईल आणि दहा वर्षांत कळणारं कोणी उरणार नाही. खाणारे मात्र उरतील. त्यापेक्षा दुसरा मार्ग आपल्या हाताशी आहे. फ्रान्समध्ये औषधविक्रेत्यांना बुरशीशास्त्र शिकवतात आणि लोक रानातली टोपली आणून त्यांना दाखवतात. आपल्याकडे दापोलीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे. या दोन्ही संस्थांच्या मदतीने जून ते ऑगस्ट आठवडी बाजाराच्या दिवशी रत्नागिरी, चिपळूण आणि राजापूरला एक टेबल मांडता येईल. विकायला आलेल्या ढिगातली एक अळंबी मुळासकट पाहायची, ठसा घ्यायचा आणि विकणाऱ्या बाईकडून तिच्या जातीचं गावातलं नाव आणि वारुळाची जागा लिहून घ्यायची. जागा गुप्त ठेवायच्या अटीवर. पाच पावसाळ्यांत जिल्ह्याची स्वतःची, फोटोंसह, गावच्या नावांनिशी सूची तयार होईल. विकणारीलाही तपासलेल्या मालाला दोन पैसे जास्त मागता येतील.